त्याच तीन चिठ्ठ्या

आत्या सूची करायची. म्हणजे जाडजूड पुस्तकाच्या शेवटी बारीक अक्षरात एक यादी असते ना, कुठला शब्द कुठल्या पानावर, ती. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलींना वाटतं की ती यादी आपोआप तयार होते. उरलेल्या निम्म्यांनी ती कधी पाहिलेलीच नाही. मी मात्र रांगत होते तेव्हापासून तिच्या टेबलाखाली बसून ती यादी ऐकत आलेय, कारण आत्या काम करताना पुटपुटते. "अंजीर, एकशे अठरा. अंजिरावरची कीड, एकशे एकवीस. कीड, पाहा अंजीर."

ती बाबांची मोठी बहीण. आमच्याच घरात राहते, रस्त्याकडच्या खोलीत. पंचवीस वर्षं तिने एकाच प्रकाशकाचं काम केलं. या वर्षी तिच्याकडे झाडांचा कोश होता, नऊशे पानांचा, आणि त्यावरून आमचा एक खेळ चालायचा. मी शाळेतून आले की दप्तर टाकायच्या आधी एका झाडाचं नाव घ्यायचं आणि तिने मान वर न करता पान सांगायचं.

"सुरू."

"सहाशे दहा. प्रकाशक मधे पानं घुसडणार आहेत म्हणे, तेव्हा पुढच्या आठवड्यात परत विचार. चपला बाहेर काढ."

मी जाऊन बघायचे. सहाशे दहाच असायचं. ती एकदाही चुकली नाही. पण गंमत अशी की कामात मात्र ती आठवणीवर एक आकडासुद्धा टाकत नसे. प्रत्येक नोंद पान उघडून बघायची, प्रत्येक बदल चिठ्ठीवर लिहायची, झाला की खोडायची. "आठवणीला चहा द्यायचा, भिंगरे, पान नंबर द्यायचा नाही. लिहिलेलं असेल तेच खरं." भिंगरी म्हणजे मी.

त्याला आणखी एक कारण होतं, ते घरात कुणी बोलायचं नाही. आजी, म्हणजे तिची आणि बाबांची आई, शेवटची सहा वर्षं एकेक करून सगळं विसरत गेली. सुरुवात चिठ्ठ्यांनी झाली होती म्हणे. कपाटावर चिठ्ठ्या, आरशावर चिठ्ठ्या. शेवटी शेवटी ती आत्यालाच विचारायची, "बाई, तुम्ही कुणाकडे आलात?" आत्यानेच तिचं सगळं केलं. आणि तेव्हापासून आत्या आपली पाळी यायची वाट बघत होती. हे मला आत्ता कळतंय. तेव्हा वाटायचं, बाई फार काटेकोर आहे बुवा.

आता माझं. मागच्या वर्षीपर्यंत हजेरीला 'हजर' म्हणतानाही माझा आवाज घशातच राहायचा. या वर्षी लॅबच्या बाईंनी मला संगणक लॅबची प्रमुख केलं आणि मला एकदम कंठ फुटला. इतका की आई म्हणाली, आता हिला बंद करायचं बटण कुठे आहे ते पण विचारून ये. लॅबमध्ये वीस मशीन, सगळ्यांवर लिनक्स. रोज सहा वर्ग येऊन जायचे आणि प्रत्येक वर्ग काहीतरी उपद्व्याप करून जायचा. खालची पट्टी गायब, पडद्यावर कुणाचा तरी जीभ काढलेला फोटो, चाळीस खिडक्या उघड्या. बाई मेटाकुटीला आल्या होत्या. मी आठवडाभर मदतीची पानं वाचली आणि शोधून काढलं की या सगळ्याची नाडी एकाच्या हातात असते. सेशन मॅनेजरच्या.

हा मशीनमधला न दिसणारा कारभारी. तुम्ही पासवर्ड टाकून आत आलात की कोणते प्रोग्राम उठवायचे, कोण आधी कोण नंतर, कुणाची खिडकी कुठे मांडायची, हे सगळं तो बघतो. आणि तुम्ही बाहेर पडताना तो सगळ्यांना हाळी देतो, आवरा रे, आपापलं जपून ठेवा. मग एकेक प्रोग्राम आपला मजकूर एका क्रमांकाखाली ठेवून तो क्रमांक कारभाऱ्याच्या हातात देतो. दुसऱ्या दिवशी कारभारी त्याच क्रमांकाने त्याला हाक मारतो. म्हणून काल जिथे सोडलं तिथूनच आज सुरू होतं.

लॅबमध्ये आम्हाला नेमकं हेच नको होतं. मी एका मशीनवर सगळं नीट मांडलं, ते सेशन एकदाच जतन केलं आणि मग बाहेर पडताना जतन करायची सोय बंद करून टाकली. सेटिंगमधली नुसती खूण काढून भागत नाही, मुलं ती परत लावतात. म्हणून सिस्टिमच्या फोल्डरमध्ये एक छोटीशी फाइल लिहून तिला कुलूपच घातलं. वर चार ओळींची एक स्क्रिप्ट: बाहेर पडलं की उरलंसुरलं सगळं पुसून टाक. बास. कुणी काहीही धिंगाणा घालो, पुढचा वर्ग आला की मशीन आत्ताच जन्मल्यासारखं. बाईंनी सगळ्या शाळेसमोर मला उभं करून टाळ्या वाजवायला लावल्या. मी दोन दिवस जमिनीवर नव्हते.

तिसऱ्या दिवशी रविवार होता.

"आत्या, तुझ्या पडद्यावर बाजार भरलाय."

"भरू दे. बाजारात मला सगळं सापडतं."

"मग मला दिवसातून चारदा हाका का मारतेस?"

"तुला काम नको का काही? नाहीतर अभ्यास करत बसशील."

मी तिला उठवून खुर्चीत बसले. डावीकडे कोशाची पानं, उजवीकडे सूची, वरच्या कोपऱ्यात शब्दकोश. खाली तिच्या लाडक्या पिवळ्या चिठ्ठ्या. तो एक साधा प्रोग्राम होता, पिवळे चौकोन, त्यात लिहायचं आणि सोडून द्यायचं. जतन करा वगैरे भानगड नाही. आत्या म्हणायची, अगदी कागदासारखं, लिहिलं की राहतं. ते कारभाऱ्यामुळे राहायचं. हे मला माहीत होतं, आणि तरी त्या रविवारी ते माझ्या डोक्यात आलं नाही. सूचीची फाइल ती स्वतः जतन करायची, ती सुरक्षित राहते एवढं मी तपासलं आणि स्वतःवरच खूश झाले.

त्या दिवशी तिच्या तीन चिठ्ठ्या होत्या. पहिली बदलांची: '१४० नंतर दोन पाने वाढली', ही ओळ खोडलेली, आणि '३१२ नंतर चार पाने वाढली', ही न खोडलेली. दुसरी: 'प्रकाशकांना फोन, नकाशाच्या पानाला नंबर आहे का?' तिसरी: 'वाचनालयाचं पुस्तक परत करणे.'

मी सेशन जतन केलं, कुलूप घातलं, स्क्रिप्ट लावली आणि वर एक मोठं बटण करून दिलं, 'आवरा'. काम संपलं की दाबायचं. आणखी एक बटण आधीच करून दिलं होतं, 'सरकव'. कुठल्या पानापासून किती वाढवायचे ते सांगितलं की सगळ्या नोंदींचे आकडे एका झटक्यात पुढे.

आत्याने सोमवारी सकाळी मशीन लावलं आणि बराच वेळ नुसती बघत राहिली. "रोज सकाळी कुणीतरी माझं टेबल पुसून मांडून ठेवतंय असं वाटेल गं." मी म्हटलं, कुणीतरी कशाला, मीच.

मंगळवारी मी बुटाची नाडी बांधत होते तेव्हा तिने खोलीतून विचारलं, "भिंगरे, काल मी ही तीनशे बाराची ओळ खोडली नव्हती का?"

"खोडली असशील तर खोडलेली दिसेल."

"दिसत नाहीये."

"मग नसशील खोडली."

"मला चांगलं आठवतंय की..." ती थांबली. "मशीनचं काही नसेल ना?"

"मशीन विसरत नाही गं आत्या. विसरतात ती माणसं." आणि मी धावत सुटले, बस चुकेल म्हणून.

मी गेल्यावर तिने काय केलं ते मी आता क्रमाने लावलंय. प्रकाशक दर दोन दिवसांनी फोन करून पानं वाढवायचे, कमी करायचे. बदललेली पानं छापखान्यातच असायची, त्यामुळे नुसता आकडा बघून तो सरकवलेला आहे की सरकवायचा आहे हे कळण्यासारखं नव्हतं, ते फक्त चिठ्ठी सांगायची. आणि चिठ्ठी म्हणत होती, बाकी आहे. पंचवीस वर्षांचा नियम. तिने आठवणीला चहा दिला, आणि पुन्हा 'सरकव' दाबलं.

पुढचे दोन आठवडे असेच गेले, फक्त 'सरकव' तिने तिसऱ्यांदा दाबलं नाही, तिला शंका यायला लागली होती. कधी ती 'आवरा' दाबायला विसरायची किंवा मशीन तसंच सोडून झोपायची, तेव्हा दुसऱ्या दिवशी सगळं जागच्या जागी असायचं. कधी दाबायची, आणि सकाळी पुन्हा त्याच तीन चिठ्ठ्या. आदल्या दिवशी लिहिलेलं काहीच नाही. एक दिवस बरा, एक दिवस वाईट. आजीचंही असंच असायचं.

वाचनालयाचं पुस्तक तिने अख्खी दुपार शोधलं. गादीखाली, आईच्या कपाटात, माझ्या दप्तरात. शेवटी कबूल करायला वाचनालयात गेली, तर ग्रंथपाल म्हणाले, "तुम्ही मंगळवारीच दिलंत की परत. मीच नाही का शिक्का मारला?" मागे रांग होती. ती घरी आली आणि पर्स न काढताच खुर्चीत बसली.

"मला आठवत होतं दिलेलं," ती म्हणाली. "पण मला वाटलं, ते आधीचं पुस्तक असेल."

प्रकाशकांना ती रोज फोन करायची. एकदा मी शेजारीच होते, त्यांचा आवाज बाहेर ऐकू येत होता. "ताई, नकाशाचं तुम्ही काल विचारलंत. परवासुद्धा."

"हो का? बरं. आणि ते तीनशे बाराचं, मला वाटतं तो बदल दोनदा झाला असावा..."

"ते पण विचारलंत. ताई, तुमच्या हातून कधी चुकलंय का? पाठवून द्या. छपाई थांबलीये."

मग घरात कागदाच्या चिठ्ठ्या दिसायला लागल्या. तिने त्या हुशारीने सुरू केल्या होत्या. पडद्यावरचं राहत नाही, तर कागदावर लिहू. शहाण्या माणसाने तेच केलं असतं. पण मंगळवारची चिठ्ठी फ्रिजवर आणि गुरुवारची आरशावर लागली, आणि आईने ती आरशावरची चिठ्ठी हातात घेऊन बाबांकडे नुसतं पाहिलं. बाबांनी चहाचा कप खाली ठेवला. मी म्हटलं, "मी तिला अजून सोपं करून देते, चिठ्ठ्यांची अक्षरं मोठी करते." आणि केली, सिस्टिमच्या फोल्डरमधून, सगळ्यांसाठी एकदम, तिच्या सेशनला हात न लावता. अक्षरं मोठी झाली आणि त्याच तीन चिठ्ठ्या आणखी ठळक दिसायला लागल्या.

डॉक्टरांकडे मी पण गेले होते. त्यांनी तिला शंभरातून सात सात वजा करायला लावले, घड्याळ काढायला लावलं, पाच शब्द लक्षात ठेवायला सांगितले. तिने सगळं बरोबर केलं, शब्द तर वर्णानुक्रमे लावून सांगितले. डॉक्टर हसले. मग त्यांनी विचारलं, "तुम्हाला स्वतःला काय होतंय?"

आत्या म्हणाली, "मी केलेलं मला आठवतं. पण ते केलेलं नसतं."

डॉक्टरांचं हसू गेलं. त्यांनी ते वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं. घरात कुणाला होतं का, असं विचारलं. बाबांनी मान हलवली. सहा महिन्यांनी परत या, तोवर एकटं सोडू नका, असं ठरलं.

कोश छापून आला आणि आठवड्याभरात प्रकाशक स्वतः घरी आले. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा. आम्ही त्यांना फक्त आवाजावरून ओळखत होतो, ते इतके बुटके असतील असं वाटलं नव्हतं. सूचीत तीनशे सोळाच्या पुढची प्रत्येक नोंद चार पानांनी चुकली होती. दोन हजारांच्या वर नोंदी. त्यांनी ओरडायला हवं होतं, पण ते नुसते टोपी हातात फिरवत बसले. प्रत्येक प्रतीत चिकटवायला त्यांनी एक शुद्धिपत्रक छापून आणलं होतं: पान ३१६ च्या पुढील सर्व नोंदींतून, चार वजा करून वाचावे.

आत्याने ते वाचलं, पेन्सिल घेतली आणि 'नोंदींतून' नंतरचा एक जास्तीचा स्वल्पविराम खोडला.

"ताई," ते म्हणाले, "आता जरा विश्रांती घ्या."

"हो," आत्या म्हणाली. "मी पण तेच म्हणणार होते."

त्यानंतर तिने एकेक वस्तू परत केल्यासारखी सोडली. आधी गॅस. "मी लावणार नाही, कुणीतरी लावून द्या." मग नदीकाठचं फिरणं. मग रस्त्याकडची खोली, कारण बाबांना तिची चाहूल लागायला हवी होती. ती आतल्या लहान खोलीत आली, जिथे आम्ही इस्त्रीचं टेबल ठेवायचो. पर्समध्ये तिने एक कार्ड ठेवलं, घरचा पत्ता, भावाचा फोन, तिच्या त्या सुबक सूचीच्या अक्षरात. शेवटी मशीन. "तू घे, भिंगरे. माझ्यापेक्षा तुझं ऐकतं ते."

आमचा खेळ बंद झाला. मी एकदा दारातून "अंजीर" म्हटलं, तर ती घाबरली. खरंच घाबरली. परत म्हटलं नाही.

मला शाळेच्या प्रकल्पासाठी मशीन हवंच होतं. नवीन खातं करायचा कंटाळा, म्हणून मी तिच्याच खात्यात आत गेले. तिची खिडकी, तिच्या चिठ्ठ्या, मला कसंतरीच झालं. मी पहिली चिठ्ठी पुसून तिच्यावर लिहिलं, 'उद्या: प्रयोगवही, बाईंची सही.' काम झालं आणि 'आवरा' दाबलं.

दुसऱ्या दिवशी शाळेतून येऊन मशीन लावलं. माझी चिठ्ठी नव्हती. तिथे होतं, ३१२ नंतर चार पाने वाढली.

आणि माझ्या मनात पहिला विचार काय आला सांगू? मी लिहिलीच नव्हती का? इतक्या सहज आला तो. मी पंधरा वर्षांची, लॅबची प्रमुख, मशीनची नस न् नस मला माहीत, आणि मी खुर्चीत बसून आठवायला लागले, काल मी नक्की लिहिलं होतं की लिहायचं ठरवलं होतं. दोन मिनिटं तरी. मग मला तो कारभारी आठवला. त्याला मीच सांगितलं होतं, कुणी काही नवीन दिलं तर घेऊ नकोस, रोज त्या रविवारचेच क्रमांक हाकार. आणि नवीन क्रमांकांखाली जे काही ठेवलं जाईल ते माझी स्क्रिप्ट पुसत होती. रोज. लॅबसारखं. आत्या म्हणजे जणू रोज येऊन घाण करून जाणारा वर्ग.

मी सगळे फोल्डर धुंडाळले. स्क्रिप्टने काम चोख केलं होतं, मी लिहिलेलीच होती ना ती. एकाच ठिकाणी ती पोचली नव्हती. मशीन अचानक बंद पडलं तर असावी म्हणून चिठ्ठ्यांचा प्रोग्राम अधूनमधून एका वेगळ्या फोल्डरमध्ये एक प्रत टाकतो आणि नीट बाहेर पडलं की ती काढून टाकतो, ते मला ठाऊकच नव्हतं. त्या दोन आठवड्यांत एका दुपारी वीज गेली होती. तिथे एक फाइल होती. एका दिवसाची.

'३१२ चा बदल सोमवारी केला. मंगळवारी चिठ्ठीत बाकी दिसला म्हणून पुन्हा केला. दोनदा झाला असावा. पाठवण्याआधी चार वजा करणे. हे महत्त्वाचे.

'पुस्तक मंगळवारी परत दिले. शिक्का निळ्या शाईचा.

'हे उद्या इथे नसेल तर मशीन बघायला सांगावे का? नको. पोरीने एवढ्या हौसेने लावलंय, आणि ती म्हणते मशीन विसरत नाही. तिला ठाऊक असणार.'

मी ते किती वेळा वाचलं ते सांगत नाही.

आत्या स्वयंपाकघरात मटार सोलत होती. ते काम तिला अजून देतात. मी तिला हाताला धरून रस्त्याकडच्या खोलीत आणलं आणि सगळं सांगितलं, कारभारी, क्रमांक, कुलूप, स्क्रिप्ट. सांगताना माझा आवाज मागच्या वर्षीसारखा झाला होता. तिने हात पदराला पुसले, खुर्चीत बसली आणि पडद्यावर ओळीखाली बोट धरून वाचलं, सगळं, सावकाश.

"वाक्यं माझी आहेत," ती म्हणाली.

"तुझीच आहेत. आत्या, तू बरोबर होतीस. रोज बरोबर होतीस."

ती माझ्याकडे वळली. मग अगदी हळू, मला लागू नये अशा आवाजात म्हणाली, "हे तू तर नाही ना लिहिलंस? मला बरं वाटावं म्हणून?"

"आत्या, तारीख बघ फाइलची."

"तारीख तुला बदलता येते. तूच दाखवली होतीस एकदा, गृहपाठाच्या वेळी."

दाखवली होती. केवढ्या हसलो होतो आम्ही तेव्हा.

आई-बाबा दारात येऊन उभे होते. बाबांनी सगळं मला दोनदा सांगायला लावलं आणि मग भिंतीला टेकून उभे राहिले. आई म्हणाली, "मशीनचं असेलही. पण परवा दूध उतू गेलं ते?" बाबा म्हणाले, "दूध माझ्याकडूनही जातं." आई म्हणाली, "मी काय वाईट बोलतेय का? आपण जपायला नको?" त्यावर आत्याच म्हणाली, "आणि मी मागच्या महिन्यात छत्री विसरले दवाखान्यात. त्यात मशीन कुठे होतं?"

छत्री तर मी वर्षातून तीन विसरते. मी तसं म्हटलं. कुणी हसलं नाही.

बाबांनी तिथूनच प्रकाशकांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले की त्यांना फार वाईट वाटतंय, ताईंना सांगा, मनापासून. पण पुढची तिन्ही पुस्तकं दुसरीकडे दिली आहेत, आणि खरं सांगायचं तर आता त्यांच्याही मनात जरा... बाबांनी "समजलं" म्हटलं आणि फोन ठेवला.

मी त्याच संध्याकाळी कुलूप काढलं. फाइल पुसली, स्क्रिप्ट पुसली, जतन करायची खूण परत लावली. चार मिनिटांचं काम. आता मशीन काल सोडलेलं आज देतं. आत्याला म्हटलं, लिहून बघ काहीतरी. ती म्हणाली, "लिहीन कधीतरी." लिहिलं नाही.

काल मी शाळेतून आले. ती आतल्या खोलीत इस्त्रीच्या टेबलाशी बसून बाबांच्या रुमालांच्या घड्या घालत होती. कोश तिच्या उशाशी असतो, आमच्या प्रतीत ते शुद्धिपत्रक चिकटवलेलं आहे, तिनेच चिकटवलंय, एकदम सरळ. मी दप्तर खांद्यावरच ठेवून म्हटलं, "सुरू."

ती मान वर न करता म्हणाली, "सहाशे सो..."

आणि थांबली. रुमाल बाजूला ठेवला. "थांब, बघून सांगते."

तिने कोश मांडीवर घेतला, मागची पानं उघडली, बोट खाली खाली नेलं. सूचीत लिहिलं होतं सहाशे वीस. मग तिने शुद्धिपत्रक वाचलं, परत एकदा पहिल्यापासून. उशाखालून कागदाचा कपटा काढला, त्यावर सहाशे वीस लिहिले, खाली चार लिहिले, रेघ मारली, वजा केले. सहाशे सोळा उघडलं. तिथे सुरूचं झाड होतं, त्याच्या त्या बारीक गाठाळ फांद्यांच्या चित्रासकट.

"हं," ती म्हणाली. "सहाशे सोळा."

"आत्या, तू आधी तेच म्हणत होतीस. न बघता."

तिने माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता, काहीच नव्हतं, नुसतं कामाचं लक्ष होतं, एखादी नोंद दोन ठिकाणी वेगळी निघाल्यावर असायचं तसं.

"म्हणत होते का?"

"हो. सहाशे सो म्हणालीस आणि थांबलीस."

"बरं," ती म्हणाली. मग तिने तो कपटा उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं, 'भिंगरी म्हणते, मी आधीच बरोबर सांगितले होते.' खाली तारीख घातली, आणि तो पुस्तकात सहाशे सोळाव्या पानावर ठेवून रुमालाची घडी घालायला घेतली.